सगळ्यात लांब उत्तर

विसावा प्रश्न आला आणि मावशींचं बोट थांबलं.

'चिकन नीट शिजलं हे कसं ओळखाल?' खाली चार उत्तरं. वास सुटला की. रंग बदलला की. मऊ लागलं की. आणि चौथं, चांगलं दोन ओळींचं: झाकण ठेवून वीस मिनिटं झाली आणि बाहेरून छान सोनेरी रंग आला की. वर कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते.

"चौथं दाबा," खांद्यावरून वाकून बघणारा मॅनेजर म्हणाला. "सतरा बरोबर आहेत तुमचे. अठराला पास. दाबा आणि सुटा."

हॉस्पिटलच्या ह्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं शेगडी मावशींकडे होती. आता ॲप आलं होतं. धडे बघा, परीक्षा द्या, पास होईल तोच शेगडीपाशी. दोनदा त्या नापास झाल्या होत्या, ही तिसरी आणि शेवटची खेप. धड्यातला चकचकीत माणूस दोघांपुरतं रांधायचा. मावशी दोनशे दहा जणांचं. उत्तर चुकलं की स्क्रीनवर एक रडकं गाजर यायचं आणि म्हणायचं, 'अरेरे, शेफ!'

आज शेगडीपाशी ट्रॉलीवाला होता. एरवी वॉर्डात ताटं पोचवणारा. त्याला वीसपैकी वीस पडले होते. तो तिथूनच ओरडला, "मावशी, प्रश्न वाचताच कशाला? सगळ्यात लांब उत्तर दाबायचं. मी तर चष्मा न लावता पास झालो!"

भाजी चिरणाऱ्या दोघी फिसकन हसल्या.

"हाडाजवळ कापून बघायचं असतं," मावशी म्हणाल्या. "ते कुठाय ह्यात?"

"नाहीये. आहे त्यातलं निवडा."

"आहे त्यातलं एकही खरं नाही."

"ॲपला खरं वाटतं ना? मग झालं तर."

"वॉर्डात ॲप जेवतं का?"

मॅनेजरने कपाळ चोळलं. "मावशी, हट्ट सोडा. उद्यापासून तुम्हाला बटाटे सोलायला बसवायचं, मला बरं वाटेल का? वीस सेकंद राहिलेत."

मावशींनी फोन त्याच्यापुढे धरला. "मग तुम्ही दाबा. पण वर माझं नाव आहे, ते खोडून तुमचं घाला."

मॅनेजरचं बोट पुढे आलं. काचेपाशी येऊन अडकलं. सात. सहा. पाच. त्याने हात खिशात घातला.

गाजर रडलं.

"झालं समाधान?" मॅनेजर चिडला. "घ्या सुरी. बसा बटाट्यांपाशी."

मावशींनी सुरी घेतली. बटाट्यांच्या पोत्याला वळसा घालून त्या थेट शेगडीपाशी गेल्या. वीस मिनिटं झाली म्हणून ट्रॉलीवाल्याने गॅस बंद केला होता. आठ-दहा ताटं वाढूनही झाली होती. वरून रंग झकास आला होता. मावशींनी कढईच्या मधोमधून सगळ्यात जाड तंगडी काढली, हाडापर्यंत चिरली आणि उघडून धरली. आत गुलाबी होतं. हाडाला रक्त चिकटलं होतं.

ह्या वेळी कोणी हसलं नाही.

मावशींनी गॅस पेटवला. "वॉर्डात फोन करा. जेवण अर्धा तास उशिरा येईल म्हणावं."

"आणि कोणी अडवलं म्हणून सांगू?" मॅनेजरचा आवाज चढला. "डॉक्टर मला धारेवर धरतील!"

"सांगा, नापास बाईने."

मॅनेजर फोन हातात धरून उभाच राहिला. ट्रॉलीवाला मात्र कोणी न सांगता ताटांतले तुकडे एकेक करून परत कढईत सोडायला लागला.