तिच्या हाताला झेपेल अशी

"मला नको, तिच्या हातात द्या," तो म्हणाला.

दुकानदाराने झाडं कापायची पेट्रोलवरची मोठी चेन-सॉ परत मांडणीवर ठेवली आणि बॅटरीवर चालणारी एक त्याच्या बायकोपुढे सरकवली. तिने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेली बाई, कात्रीपेक्षा जड हत्यार तिने कधी धरलं नव्हतं.

तो निवृत्त बस-ड्रायव्हर. वादळात घरामागची दोन झाडं आडवी झाली होती आणि थंडीच्या आत त्यांचं जळण करायचं होतं. दुकानदार माणूस सरळ निघाला. पेट्रोलची रोज झाडं तोडणाऱ्यांसाठी, म्हणाला. घरच्या कामाला बॅटरीची पुरे, दोरी ओढायला नको की धूर खायला नको. पातं आखूड घ्या, साखळीला तेल आपोआप मिळतंय ना ते बघा. एक अगदीच स्वस्त होती, पण करवत उसळली तर साखळी जागच्या जागी थांबवणारा ब्रेक तिला नव्हता. तिला नवऱ्याने हातही लावला नाही. एक महागडी होती, तिला नाव मोठं आणि वजन त्याहून मोठं.

"सुईचं काम आहे, दाभण कशाला?" बायको म्हणाली, आणि मधली ठरली.

बांधून देताना दुकानदाराने विचारलं, की चालवणार साहेबच ना?

"मला मनाई आहे," तो म्हणाला. बायकोने मान खाली घातली.

तपासण्या दोघांनी एकदमच करून घेतल्या होत्या. निकाल आणायला तो एकटा गेला. डॉक्टरबाईंसमोर बराच वेळ बसून राहिला, आणि उभा जन्म बस हाकलेला माणूस घरी येताना रस्ता चुकला. आल्यावर त्याने बायकोला सांगितलं, की तुझ्यात रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. माझं मात्र हृदय कामातून गेलंय. ओझं उचलायचं नाही. आणि फार दिवस धरून चालायचं नाही.

ती रडली नाही. हातातल्या कापडाची घडी घालून म्हणाली, "माझ्या ताईसारखं भिंतीकडे तोंड करून पडायचं नाही हं. आजाराचं नाव कळलं आणि ती बाई पुन्हा उठलीच नाही. तुम्हाला मी तसं पडू देणार नाही."

त्या दिवसापासून तिने घराचा ताबा घेतला. त्याचं मीठ तोडलं, त्याला फिरायला नेऊ लागली. जेवण झालं की त्याच्या गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवायची आणि तो तिच्या तिच्या हातावर. लपून एक ओंडका खांद्यावर घेताना तो सापडला, तेव्हा तिने त्याला शाळकरी पोरासारखं झापलं. मग चेन-सॉची कल्पना त्यानेच काढली. मी नसलो तर थंडीत कोणाच्या तोंडाकडे बघशील, असं तो म्हणाला, आणि ती दुकानात यायला तयार झाली.

शिकवणी परसात चाले. हातमोजे, चष्मा, जाड बूट. आधी ब्रेक, मग बॅटरी. पाय रोवून उभी राहा. पात्याचं टोक लाकडाला लावू नकोस, तिथूनच ती उसळते. पहिली फांदी कापून पडली तेव्हा ती एवढी हसली, की त्याला दुसरीकडे बघावं लागलं. "कापायचं मला शिकवू नका," ती म्हणाली. "फक्त याला शिलाई घालता येत नाही, एवढंच."

हळूहळू दोन फांद्यांनंतर तिला बसावं लागू लागलं. मशीनच जड आहे, तो म्हणाला, आणि दुकानात जाऊन आणखी हलकी, आणखी आखूड पात्याची बदलून घेऊन आला. दुकानदाराने खळखळ केली नाही. शेजारीण म्हणाली, नवऱ्याच्या काळजीने बाई वाळून काटकी झाली. तिने सगळे ब्लाउज बाजूने आत घेतले आणि त्यावर विषय संपवला.

एकदा दुपारी लाकडाच्या राशीला टेकून ती म्हणाली, "एवढं जळण. तुम्ही नसाल तर शेगडीपुढे मी एकटीने बसून काय करायचं?"

त्याने एक ढलपी उचलून राशीवर ठेवली. मग म्हणाला, "बसायचं. दुसरं काय करणार माणूस?"

"तुम्हाला सांगायला काय जातंय," ती म्हणाली, आणि उठून पुन्हा मोजे चढवले.

पुढच्या तपासणीला ती सोबत आली; या खेपेलाही फोटो दोघांचे काढले होते. केसांत भुसा तसाच होता. बाहेरच्या बाकावर त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली आणि तो आत शिरताना म्हणाली, की दम लागतो तेही सांगा, लपवू नका.

डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं. त्याची नाडी पाहिली नाही, छातीला नळी लावली नाही. त्यांनी नवीन फोटो दिव्यासमोर धरला. मग म्हणाल्या, की आता हाडांतही पसरलंय, औषधाने दुखणं तेवढं कमी ठेवता येईल. दुखणं नक्की कमी राहील ना, एवढंच त्याने दोनदा विचारलं.

"आपण हे फार लपवलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता सांगायला हवं."

दाराच्या काचेतून बाकावरची आकृती दिसत होती. त्याने डोळे पुसले, चेहरा नीट केला.

"नको डॉक्टर. मला जगवायचं म्हणून ती रोज सकाळी उठते. तिचे जेवढे दिवस उरलेत, तेवढे दिवस आजार माझ्याच नावावर राहू द्या."