निपलातली माती

देवळीजवळच्या शेतात रोशनीच्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग पुन्हा जड झालं. पुढच्या चाकाजवळचं, ग्रीस भरायचं निपल मातीने गच्च बुजलं होतं. तारेने साफ केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिचा संशय दिरावर, रत्नदीपवर होता. ट्रॅक्टर विकून टाकावा म्हणून तोच मागे लागला होता.

"मी काऊन करू असं, वहिनी?"

"मंग कोन करून राह्यलं?"

रत्नदीप बायकोला घेऊन पुलगावला निघून गेला. रोशनीने त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरच्या शेडला नवं कुलूप लावलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं आणि निपल बुजलेलं.

तिने डोमाजी मिस्त्रीला बोलावलं. त्याने पान्याने निपल खोललं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"ताई, हे बाहेरून नाई बुजलं. आतून भरलं हाय."

"आत माती कुठून येईन, भाऊ?"

डोमाजी भोकाकडे बघत मागे सरकला. इंजिन बंद होतं, तरी ओल्या मातीची बारीक वात हळूहळू बाहेर येत होती.

रोशनीने भोकावर बोट दाबून धरलं. माती थांबली.

मग आतून कुणीतरी तितक्याच जोराने तिचं बोट दाबलं.