लाल कड्याची मादी

इंदापूरजवळच्या तळ्याकाठी चिंचेवरचे चित्रबलाक पक्षी सलग दुसऱ्या वर्षी साथीनं मेले. पायात ओळखीचं लाल कडं घातलेली मादी तेवढी दोन्ही वेळा वाचली, तिची तीन पिल्लंही. "हिच्या अंगात रोगाला पुरून उरणारं काहीतरी आहे. हिला नेऊया," संशोधक विनयामॅडम म्हणाल्या. "रगत घ्या आन् सोडा की," राखणदार जोतीरामतात्या म्हणाले. "रक्तानं भागणार नाही, तात्या. आतले अवयव तपासायचेत. पिल्लं मोठी झालीत, जगतील." मादी तात्यांना बुजत नव्हती, म्हणून त्यांनीच धरून दिली. मारल्यावर पायातलं कडं मॅडमनी त्यांना आठवण म्हणून दिलं. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. "सापडलं, तात्या. तिची ताकद पिल्लांत उतरली असणार. त्यांचं रक्त घेऊ." बोलताबोलता त्यांनी वर पाहिलं. घरट्यात हालचाल नव्हती. "पिल्लांना शेवटी रोग लागलाच?" तात्यांनी कडं त्यांच्या हातावर ठेवलं. "न्हाय. उपाशी मेली."