पिशवीची गाठ

दुकानातल्या माशांच्या तयार टाकीची किंमत ऐकून हर्षल तसाच माघारी फिरला होता. काचवाल्याकडचे उरलेले तुकडे चिकटवून त्यानं घरीच टाकी केली, शेजारच्या बांधकामावरची वाळू चाळून, धुऊन तळाशी घातली आणि निकितानं तिच्यात हौसेनं पाणवनस्पती रोवल्या. पण मासे आणायचं नाव काढलं की ती म्हणायची, "पाणी अजून तयार नाही झालं." टाकी हिरवीगार झाली, तरी तिचं पाणी काही तयार होईना.

शेवटी हर्षलच सावेडीतल्या दुकानातून एक गप्पी मासा घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं होतं तशी त्यानं माशाची पाण्यानं फुगलेली पिशवी गाठ न सोडताच टाकीत तरंगत ठेवली. आतला इवलासा जीव वळवळत होता. निकिता श्वास रोखून बघत राहिली.

"सोड आता गाठ," हर्षल म्हणाला.

तिनं गाठीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"थोडं थांबू या."

"अगं, किती? गुदमरेल तो आत."

"हलतोय ना आत? मग राहू दे आतच."

हर्षलला हसू आलं. "टाकी तयार आहे. तूच तर सजवलीस. आता घाबरतेस कशाला?"

निकिताचा हात सातवा महिना लागलेल्या पोटावर गेला.

"मागच्या वेळीपण सगळं तयारच होतं, हर्षल," ती म्हणाली. "पाळणासुद्धा टांगला होता आपण."