सगळं पुसून टाकलं

कॉम्प्युटरच्या बाई सातवीच्या वर्गाला सांगत होत्या, "तुमचे फोटो, आवाज, तुम्ही काय बघता, कुठे जाता, सगळं कोणीतरी साठवून ठेवतं."

"मग ते पुसता येत नाही?" एका मुलीने विचारलं. तिची अखंड चिवचिव चालायची, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. बाईंची ती फार लाडकी.

बाईंनी तिला तिचं खातं उघडून दिलं आणि कायमचं पुसायचं बटण दाखवलं. चिमणीने ते दाबलं. स्क्रीन पांढरा झाला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात शेजारच्या मैत्रिणीने आपलं दप्तर चिमणीच्या मांडीवर ठेवलं, रिकाम्या जागेवर ठेवावं तसं.

"ए, मी बसलेय ना इथे!"

मैत्रीण दचकली. "सॉरी हं," ती म्हणाली, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

शाळा सुटली. फाटकाशी उभ्या असलेल्या आईला चिमणी धावत जाऊन बिलगली. आईने तिचे हात हळूच सोडवले.

"तुझी आई आली नाही का गं अजून?"

"आई, चेष्टा पुरे!"

आई अवघडून हसली. "मी तरी इथे कशाला आले, कोण जाणे," असं पुटपुटत ती चालू लागली. हाका मारल्या तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

चिमणी रडत बाईंकडे पळाली. "बाई, तुम्ही सांगा ना आईला, मी कोण आहे ते!"

बाईंना गलबलून आलं. त्यांनी वाकून तिचे डोळे पुसले.

"रडू नकोस, बाळा. शोधू आपण तुझ्या आईला," त्या म्हणाल्या. "आधी सांग बघू, तू कुठल्या शाळेतली?"