शपथेवर अखंड

"पुन्हा म्हण," कारकून म्हणाला. "आणि जसंच्या तसं."

अल्डिथाने कोरडे ओठ चाटले. हे शब्द म्हणायची तिची ही चौथी वेळ होती. पहिल्यांदा फाटक्या झग्यानिशी चार गावांतून ओरडत धावली तेव्हा. मग राजाच्या अधिकाऱ्यापुढे. मग जिल्ह्याच्या कचेरीत. आणि आता राजाच्या न्यायाधीशासमोर. दर वेळी तेच शब्द, त्याच क्रमाने. एक जरी इकडचा तिकडे झाला तरी फिर्याद खोटी आणि फिर्यादी तुरुंगात. मागच्या खेपेला एका बाईने एकदा सोमवार म्हटलं, एकदा मंगळवार. ती अजून आतच आहे.

"कारभाऱ्याचा पुतण्या फुल्क याने," अल्डिथा म्हणाली, "मेंढ्या कातरायच्या दिवसांत, मंगळवारी, नदीकाठच्या कुरणात मला धरलं, पाडलं, आणि जबरदस्तीने माझं कौमार्य नेलं."

कारकुनाने जुन्या कागदाशी शब्द ताडून पाहिले. मान हलवली. अल्डिथाने श्वास सोडला.

फुल्क बाकावर रेलून हसत बसला होता. "मी हिला बोटसुद्धा लावलेलं नाही," तो म्हणाला. "ही अजून कोरीच आहे. बोलवा गावच्या बायका, तपासू द्या."

न्यायाधीश फ्रेंचमध्ये काहीतरी बोलला. तो त्याच भाषेत बोलायचा, कारकून लॅटिनमध्ये लिहायचा, आणि ज्यांच्या जिवाशी गाठ होती त्यांना दोन्ही येत नसे. कारकून खाली वाकून अल्डिथाच्याच बोलीत पुटपुटला, "चार बायका तुला तपासतील. तू कुमारी राहिलेली नसलीस तर हा फासावर. अजून असलीस तर काही घडलंच नाही, तू खोटारडी."

चारही बायका अल्डिथाच्याच गावच्या असणार. कारभाऱ्याची जमीन कसणाऱ्या, कारभाऱ्याच्या चक्कीवर दळणाऱ्या. फुल्क उगाच हसत नव्हता.

मागच्या खोलीचं दार लागलं. आत चौघी होत्या; 'पोर कुमारी आहे का ते तपासून शपथेवर सांगा' एवढंच त्यांना सांगितलं होतं. शेगडीपाशी हात शेकत उभी होती गुनिल्ड, गावची सुईण आणि अल्डिथाची धर्माची आई. तिला पाहून अल्डिथाला जरा धीर आला. कारभाऱ्याच्या तोंडावर थुंकायला न भिणारी गावात तेवढी एकच होती.

"चार गावं बोंबलत फिरलीस," शेजारची विमार्क म्हणाली. "वीस वर्षांची घोडी झालीस, अक्कल नाही. गप बसली असतीस तर आज पिंपवाल्याची सून असतीस. आता त्याची म्हातारी म्हणते, फुटकं मडकं मला नको."

"विमार्क, तोंड आवर," गुनिल्ड म्हणाली. "तुझी सून लग्नानंतर पाचव्या महिन्यात बाळंत झाली तेव्हा 'पोर दिवसांआधीच आलं गं बाई' म्हणून गावभर कोण सांगत फिरलं?"

बाकीच्या दोघी तोंडावर हात धरून हसल्या. विमार्क भिंतीकडे बघू लागली.

अल्डिथा घोंगडीवर पडून राहिली. छताची लाकडं मोजू लागली. दर रविवारी पाद्री पुस्तकातून कुमारी संतिणींच्या कथा वाचून दाखवायचा. त्यातल्या पोरींना चाकाला बांधतात, तेलात उकळतात, मुंडकी उडवतात, पण बाटत एकही नाही. ऐन वेळी देव धावून येतो. कुरणात कुणी धावून आलं नव्हतं. ती पुस्तकं लिहिणारे सगळे पुरुष. त्यांना मेलेली पोर चालते. बाटून जगलेली चालत नाही.

गुनिल्डचे हात हलके होते. मग ते थांबले. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"मुडदा बसवला मेल्याचा," ती हळूच म्हणाली. "काय हाल केले गं लेकराचे. वण अजून आहेत."

"मावशी," अल्डिथाने तिचं मनगट धरलं. "बाहेर सांगशील ना?"

"भिऊ नकोस. मी आहे ना. तुझं वाईट होऊ देईन का?"

अल्डिथा रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सुटल्यासारखी रडली. गुनिल्डने तिचे डोळे पुसले, तिला झगा चढवला, आणि तिघींना कोपऱ्यात घेऊन काहीतरी कुजबुजली. विमार्कनेसुद्धा मान हलवली.

कचेरी भरलेली होती. पिंपवाल्याची म्हातारी पुढेच येऊन उभी राहिली होती. अल्डिथाने फुल्ककडे पाहिलं. तो आता हसत नव्हता.

गुनिल्डने पवित्र पुस्तकावर हात ठेवला. पार मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोर कुमारी आहे. आईच्या पोटातून आली तशी अखंड आहे. मी या हातांनी तपासलं."

"खरं आहे," बाकीच्या तिघी म्हणाल्या.

अल्डिथाला जे शब्द पाठ होते त्यांत याला उत्तर नव्हतं.

न्यायाधीश फ्रेंचमध्ये एक वाक्य बोलला. कारकुनाची लेखणी करकरली. शिपाई दोरी घेऊन पुढे आला आणि फुल्कला मागे टाकून अल्डिथाकडे वळला. गुनिल्डने हे पाहिलंच नाही. ती गर्दीतून कोपरं मारत अल्डिथापाशी पोचली आणि तिने तिला मिठीत घेतलं.

"ऐकलंस?" ती तिच्या कानात म्हणाली. "भर कचेरीत, शपथेवर! माझं पाप मी फेडीन, उपास करीन. पण आता त्या म्हातारीची काय बिशाद तुला नाव ठेवायची! राखली की नाही तुझी अब्रू?"

मग ती वळली. म्हातारा चेहरा आनंदाने फुलला होता. तिने कारकुनाला विचारलं,

"सरकार, आता त्या मेल्याला फासावर कधी चढवणार?"