शेवटची पेनल्टी

ही एक अडवली की तुर्कस्तानातल्या मिद्यातचा चषक कुर्दी गोलकीपर रोजदाच्या गावाला मिळणार होता.

"डावीकडे, खाली मार!" पाहुण्यांची कप्तान मैत्रिणीला बिनधास्त ओरडून म्हणाली, आपल्या मूठभर सुरयानी ख्रिस्ती लोकांच्या भाषेत. तुर्की, अरबी, कुर्दी इथं सगळ्यांनाच कळतात ना!

रोजदाचं बालपण मात्र शेजारच्या सुरयानी काकूंच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. गप्प राहून त्या बाजूला झेपावायचं, एवढंच काम. पण तिला राहवेना.

"मार की गं डावीकडे!" ती सुरयानीतच ओरडली.

धावत आलेली मुलगी गडबडली. चेंडू सरळ रोजदाच्या पोटावर आला.

मैदान दणाणलं. कप्तान रोजदाकडेच धावत सुटली. आता ही भांडणार, म्हणून रोजदानं चेंडू छातीशी घट्ट धरला.

"तुला आमची भाषा येते?" कप्तान धापा टाकत म्हणाली. "अजून काहीतरी बोल ना!"